उंबराखालची मोजदाद

जगात आजवर एकूण किती माणसं जन्मली, हे यशोधराबाई खडूच्या एका कांडीत सांगायच्या. मोरिवलीसारख्या एवढ्याशा गावात किती जन्मली ते सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

उल्हासनगरच्या एका कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवत. जेवणानंतरचा तास, पंखा नुसता आवाजापुरता, समोर पेंगणारी पोरं. अशा वेळी त्या हा जगाचा हिशेब बाहेर काढत. अमुक काळी जगात एवढी माणसं, दर हजारी वर्षाला एवढे जन्म, पुढच्या टप्प्यापर्यंत एवढी वर्षं. गुणा, मिळवा, पुढे चला. शेवटी उत्तर यायचं अकरा हजार सातशे कोटींच्या आसपास, म्हणजे आज जिवंत असलेल्या प्रत्येकामागे तेरा-चौदा गेलेले. "हा अंदाज आहे, जनगणना नाही," त्या बजावायच्या. "आणि सगळी मेख जन्मदरात आहे. जुन्या काळी जन्मलेल्यांपैकी निम्मी मुलं मोठी होतच नव्हती. ती धरली नाहीत तर गणित कोसळतं." आणि मग कुणाचा तरी मोबाईल वाजायचा.

हे वाक्य बाईंनी बारा वर्षं न चुकता म्हटलं होतं. पुढे त्यांनी जे केलं त्याला म्हणूनच माफी नाही, असं त्यांचं त्यांनाच वाटतं. मला विचाराल तर दुसऱ्याला शिकवण्याच्या गोष्टी आपल्याला लागू असतात हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

यंदा त्या तासानंतर जिज्ञासा नावाची मुलगी टेबलापाशी आली. अंबरनाथच्या कारखान्यांना खेटून असलेल्या मोरिवलीची, आगरी घरातली पोर. "मॅडम, असं एका गावाचं काढता येतं?" तिनं विचारलं, आणि मग सगळं सांगितलं.

गावामागे, एका कारखान्याच्या भिंतीलगत, अकरा गुंठे जागा होती. मधोमध उंबर. कागदावर 'सरकारी पडीक'. पण दात न आलेलं मूल गेलं तर ते जाळत नाहीत, पुरतात, आणि मोरिवलीची मुलं पिढ्यान्‌पिढ्या त्या उंबराखाली पुरली होती. फडक्यात गुंडाळून बाप न्यायचा नाहीतर आजा. आईनं जायचं नाही, कुठे पुरलं ते विचारायचं नाही. नाव नसल्यामुळे नोंद नाही. आता ती जागा गोदामासाठी एका कंपनीला मिळाली होती, आणि महिनाअखेरच्या बुधवारी तिथे जेसीबी लागणार होता. जिज्ञासाच्या आजोबांनी, बुधाजींनी, हरकतीचा अर्ज केला. प्रांतसाहेब माणूस सरळ होता. पहिल्या सुनावणीत त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "कागदावर इथे स्मशान नाही. जुन्या मृत्यूनोंदीत ही मुलं नाहीत. निदान किती पुरली त्याचा पटेल असा आकडा द्या, मी काम थांबवून पाहणी लावतो. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, पुढची सुनावणी. तेव्हा आकडा नसेल तर माझा नाइलाज आहे."

बाईंना हे काम मनापासून आवडलं. पुस्तकातलं गणित पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतं. त्या सलग तीन रविवार जिज्ञासाला घेऊन मोरिवलीत घरोघर फिरल्या. गावात सत्तरीपुढच्या अकरा बायका होत्या. प्रत्येकीला ओटीवर बसवून, घरच्यांसमोर, एकच प्रश्न: आजी, तुम्हाला मुलं किती? अकरा जणींची मिळून चव्वेचाळीस भरली. बाईंनी यादी टाइप केली, प्रत्येकीचा अंगठा घेतला आणि शुक्रवारी प्रांत कचेरीत देऊन टाकली. कागद शुक्रवारपर्यंत हवे होते.

आकडेमोड त्यांनी केली ती शनिवारी सकाळी, चहा पिता पिता. कारखाने येण्याआधी शंभर वर्षं गाव दोनशे माणसांचं होतं, फारसं वाढलं नाही की घटलं नाही. यादीवरून जन्मदर निघाला हजारी पंचवीस. म्हणजे वर्षाला पाच जन्म, शंभर वर्षांत पाचशे. गाव तेवढंच राहिलं म्हणजे गेलेलेही पाचशे, आणि जुन्या मृत्यूनोंदींतही जवळपास तेवढेच होते, सगळे ओढ्याकाठच्या मोठ्या स्मशानात गेलेले. उंबराखाली पुरायला एकही मूल उरत नव्हतं.

चहा तसाच निवला. ज्या गावात डॉक्टर नव्हता, दवाखाना नव्हता, तिथे एवढा कमी जन्मदर असूच शकत नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या मोरिवलीत माणसं सरासरी चाळीस वर्षं जगत होती, असा त्याचा अर्थ झाला असता, आणि तेव्हा देशाची सरासरी पंचविशीच्या आसपास होती. कुठेतरी चूक होती. आणि तिच्यावर त्यांची सही होती, अकरा अंगठे होते, कचेरीचा शिक्का होता. गावाला वाचवायला गेलेल्या बाईंनी कंपनीच्या हातात आयतं कोलीत दिलं होतं.

त्या तडक मोरिवलीला गेल्या. बुधाजींची बायको, सखूआजी, मागच्या पडवीत सुकट निवडत बसली होती. ऐंशीच्या घरातली, हाताला चलाख. बाईंनी पुन्हा तोच प्रश्न केला.

"सांगितला ना चार," सखूआजी म्हणाली. "दोन पोरगे, दोन पोरी. किती येला इचारशील?" मग मान वर करून तिनं विचारलं, "तुना किती?"

"एकच. आकाश. दहावीला आहे."

"एकच बरा," म्हणून सखूआजीनं सुकटीतला काडीकचरा बाजूला केला.

परत येताना, उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या चढावर रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली आणि यशोधराबाईंना कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. एकच नव्हे. आकाशच्या आधी एक मुलगी झाली होती. सातव्या महिन्यात आली, दोन दिवस काचेच्या पेटीत होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्यानं, बुद्धभूषणनं, तिला टॉवेलात गुंडाळून नेलं. कुठे, ते बाईंनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्यानंतर सतरा वर्षांत ज्यानं ज्यानं विचारलं त्याला त्यांनी एकच सांगितलं. शाळेच्या फॉर्मवर एकच लिहिलं. खोटं बोलतोय असं त्यांना कधी वाटलंच नाही.

अकरा बायकांनीही तेच केलं होतं. नावापर्यंत न पोचलेलं मूल कुणी 'झालं' म्हणून सांगतच नाही. भर रिक्षात बाईंना रडू आलं, आणि रडता रडता स्वतःचा संतापही आला. बारा वर्षं फळ्यावर जी मुलं त्या पोरांकडून मोजून घेत होत्या, ती विचारायची अक्कल त्यांना स्वतःला राहिली नव्हती.

रविवारी दुपारी, गडीमाणसं जेवून लवंडल्यावर, जिज्ञासानं अकरा जणींना पडवीत गोळा केलं. बाईंनी या वेळी वही उघडली नाही. "मला दोन झाली," त्या म्हणाल्या. "काल सखूआजींना एकच सांगितला. मोठी मुलगी दोन दिवसांची गेली."

मग शेजारची रखमाआजी म्हणाली, "माझी सहा. चार सांगितली व्हती." दुसरी म्हणाली, पाच. एकीनं सात सांगितली आणि लगेच दाराकडे बघितलं, सून ऐकत तर नाही ना म्हणून. एकेक आकडा ओठांपर्यंत यायचा, मागे फिरायचा, पुन्हा यायचा. एकीचं जावेला माहीत नव्हतं, एकीचं लेकीला. दहा जणींनी मिळून आधी चाळीस सांगितली होती, ती पंचावन्न झाली. पंधरा मुलं त्या दुपारी पडवीत येऊन बसली, असं बाईंना वाटलं.

अकरावी सखूआजी. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि उठली. "मना चार," ती म्हणाली. "गेलेल्यांचा आकडा बोलाचा नाय. बोलला का येनाऱ्यावर येते. माझ्या घरान किर्तीला आठवा लागलाय." किर्ती म्हणजे नातसून, नातू अमितची बायको. ती आतल्या खोलीत पाय लांब करून बसली होती. बाईंनी पुढे विचारलं नाही. विचारण्याचा हक्क त्यांना वाटला नाही. पण अर्ज नेमका याच घरचा होता.

मंगळवारी अमितनं अकराही जणींना टेम्पोत बसवून प्रांत कचेरीत आणलं. जेसीबी सोमवारी संध्याकाळीच उंबराशेजारी येऊन उभा राहिला होता. येताना प्रत्येकीनं तो पाहिला होता.

कंपनीचे वकील कमलेश म्हणून होते. गोड बोलणारे, घाई न करणारे. अशा वकिलांची मला जास्त भीती वाटते. त्यांनी शुक्रवारची यादी आणि बाईंनी आज दिलेली नवी यादी शेजारी शेजारी ठेवली. "साहेब, सिंपल बात आहे. शुक्रवारी चव्वेचाळीस. आज एकोणसाठ. वीकएंडला पंधरा मुलं वाढली. ही मोजणी आहे की महंगाई?"

"शुक्रवारचा प्रश्न माझा चुकला होता," यशोधराबाई म्हणाल्या. "मी राहिलेली विचारली. झालेली विचारायला हवी होती. नव्या आकड्यांनी गावाचे शंभर वर्षांतले जन्म पाचशेवरून पावणेसातशेवर जातात. हे जास्तीचे जन्म कोणत्याच नोंदीत नाहीत, कारण ती मुलं उंबराखाली आहेत. दीडशेच्या खाली आकडा येतच नाही. या आजींच्या काळी निदान अंबरनाथला डॉक्टर होता. त्याआधीची वर्षं धरली तर माझा अंदाज चारशेचा आहे."

"अंदाज," कमलेश हसून म्हणाले. "मॅडम, मी तुमची इज्जत करतो. पण तुम्ही जगातले सगळे मेलेले पण मोजता म्हणे, कॉलेजात. तो पण अंदाजच ना? अंदाजावर सरकारची जमीन अडवायची?"

प्रांतसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, पद्धत मला कळते. पण चार दिवसांत आकडा बदलला, हे मला पुसून टाकता येणार नाही. दोन्हीपैकी कुठला खरा, हे मला या खोलीत कशावरून तरी दिसलं पाहिजे."

"मग अर्जदारालाच विचारू," कमलेश म्हणाले. "बुधाजी, तुमच्या घरची किती पुरली?"

बुधाजी उठून उभे राहिले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता, हातात टोपी. "तीन. तिन्ही मीच नेली. जागा दाखवतो."

"म्हणजे चार राहिली, तीन गेली, झाली सात. पण तुमच्या मिसेसचे दोन्ही याद्यांमध्ये चारच लिहिलेत. अंगठा पण आहे. साहेब, नवरा-बायकोचा आकडा जुळत नाही. गावाचा काय जुळणार?"

यशोधराबाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं होतं. उद्या सकाळी तो जेसीबी चालू होणार आणि त्याला वाट करून देणारा कागद त्यांनी स्वतः टाइप केलेला असणार.

"आठ," मागच्या बाकावरून आवाज आला.

सखूआजी उभी होती. तिनं भिंतीला हात टेकवला होता. "मना आठ झाली. चार हायेत. चार गेली."

कमलेशनी पेन खाली ठेवलं. "आता घ्या. नवरा तीन म्हणतो, बायको चार. साहेब, आणखी काय सांगू?"

साहेबांनी बुधाजींकडे पाहिलं. बुधाजी साहेबांकडे बघत नव्हते. बायकोकडे बघत होते. साठ वर्षं एका छपराखाली राहिलेला तो माणूस तिच्याकडे असा बघत होता, की यशोधराबाईंना तिथून उठून जावंसं वाटलं.

"चवथा कवा?" त्यांनी विचारलं.

"तुमी भाईंदरला मिठागरावं व्हतात, त्या साली," सखूआजी म्हणाली. ती सगळं त्यांनाच सांगत होती, कचेरीला नाही. "थोरल्याचे पाठची. पाच दिस व्हती. तुमच्या बापानी नेली. मना बोलला, त्याला सांगू नको, काम टाकून येल. मंग तुमी आलात, तवा पाऊस तोंडावं व्हता, पेरनी व्हती. मंग सांगाचाच राहून गेला."

कमलेश काहीतरी बोलायला गेले. साहेबांनी हात वर केला.

बुधाजी टोपी हातातल्या हातात फिरवत राहिले. "काटं," शेवटी ते म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "सायब, पोर पुरला का आमी वर बोरीचं काटं टाकतो. कोल्हा उकरतो म्हनून. मी मिठागरावरशी आलो त्या साली उंबराचे उगवतीला नवी माती व्हती. काटं वाऱ्यानी उरालं व्हतं. मी बापाला इचारला, ह्यो कोनाचा? बाप बोलला, हाय कुनाचा तरी. मंग मी कोयती घेऊन गेलो, नवीन काटं तोरून टाकलं, वर एक धोंडा ठेवला. परक्याचा म्हनून." त्यांनी टोपीची घडी घातली. "ती माझीच व्हती. उगवतीला, खोडापासून पाच पावलांवं. धोंडा अजून हाय. चला, आत्ता दाखवतो."

गावातल्या पुरुषांना जागा ठाऊक होती, बायकांना आकडा, आणि दोघांनी आयुष्यभर एकमेकांना काही सांगितलं नव्हतं. दोन साक्षीदार, एकमेकांपासून लपवलेल्या दोन गोष्टी, आणि त्या या खोलीत, सगळ्यांच्या देखत, एका खड्ड्यावर येऊन मिळाल्या होत्या. याहून पक्का पुरावा यशोधराबाईंच्या शास्त्रातही नव्हता. त्या बोलायला उठल्या, पण साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा बसल्या. त्यांना समजावण्याची गरज उरली नव्हती.

कमलेशनी कागद गोळा केले. "माझा रेकॉर्डवरचा विरोध राहील, साहेब," ते म्हणाले, पण हळू.

साहेबांनी आदेश सांगायला सुरुवात केली. जागेची समक्ष पाहणी होईपर्यंत कुठलंही खोदकाम नाही, यंत्र आजच हलवायचं. पाहणीला बुधाजी हजर. कारकून भराभर लिहीत होता. पाहणीत काय निघेल आणि पुढे कोण वरच्या कोर्टात जाईल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण बुधवार टळला होता. रखमाआजीनं पदर तोंडाला लावला.

"सायब," बुधाजी मध्येच म्हणाले. "माझ्या जबाबान आमच्या घरचा सात लिवलाय. आठ करा."

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. सात खोडून आठ झाले आणि त्याच्या शेजारी बुधाजींनी अंगठा उमटवला. मग कागद सखूआजीपुढे सरकला. तिनं अंगठा टेकवला तो बराच वेळ उचलला नाही.

बाहेर व्हरांड्यात तिनं यशोधराबाईंचं मनगट धरलं. "बाय, मी बोलले गो. किर्तीला काय व्हनार तर नाय ना?"

आकड्याशिवाय कधी न बोलणाऱ्या यशोधराबाईंनी या वेळी आकडा शोधला नाही. "काही होणार नाही, आजी," त्या म्हणाल्या, आणि आपण खात्री नसताना खात्री दिली याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही. घरी जाऊन आज बुद्धभूषणला विचारायचं, हे त्यांनी ठरवलं. कुठे नेलीस, एवढंच.

बुधाजी नेहमीसारखे पुढे चालत पायऱ्यांपर्यंत पोचले होते. तिथे ते थांबले आणि सखूआजी येईपर्यंत थांबून राहिले.

"उद्या सकाली चल माझ्यासंगती," ते म्हणाले. "दाखवतो."

"बाया जात नाय तिथं," सखूआजी म्हणाली.

"मंग मी एकल्यानी जाऊन चौघांना काय सांगू?"